थाळ्यावरचा टोल

ग्रंथाच्या आरंभीं जें मंगलाचरण करितात तें ग्रंथाचें अंग मानावें कीं ग्रंथाबाहेरचें, यावर आपल्या नैयायिकांनीं पुष्कळ काथ्याकूट केलेला आहे. मंगल करूनही अपुरे राहिलेले ग्रंथ आहेत आणि मंगलावांचून तडीस गेलेलेही आहेत. मग त्याचें प्रयोजन तें काय, असा त्यांचा प्रश्न. नाटकाच्या नांदीसंबंधानेंही हीच अडचण येते. नांदी नाटकाची कीं नाटकमंडळीची, याचें उत्तर देतांना भल्याभल्यांची त्रेधा उडते. हा जुना वाद आज आम्हांस आठवण्याचें निमित्त मात्र अगदीं अर्वाचीन आहे. इंग्लंडांत जुने बोलपट प्रथम व्हिडिओ कॅसेटींवर, मग डीव्हीडीच्या चकत्यांवर आणि आतां इंटरनेटवरून घरबसल्या मिळूं लागल्यापासून, चित्राच्या तोंडाशीं चित्रसंस्थेची जी हलती मुद्रा असे तिचें काय करावयाचें, हा प्रश्न प्रकाशकांपुढें उभा राहिला आहे. कोणी ती जशीच्या तशी ठेवितो. कोणी ती कापून त्या जागीं आपली नवी मुद्रा बसवितो. मालक बदलला म्हणजे शिक्का बदलावा, यांत व्यवहारदृष्ट्या वावगें कांहींच नाहीं. परंतु कापून टाकलेला तुकडा हा नुसता शिक्काच होता काय, हें अगोदर पाहावयास हवें.

तें पाहण्यासाठीं आम्ही एकच मुद्रा निवडली आहे. बाकीच्यांकडे तिच्या अनुषंगानें वळूं. ही मुद्रा म्हणजे रँक संस्थेचा थाळा. डेव्हिड लीन यांचा 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (1946) किंवा पॉवेल व प्रेसबर्गर या जोडीचा 'द रेड शूज' (1948) ज्यांनीं पाहिला असेल त्यांस तिचें वर्णन सांगावयास नको. एक भला थोरला थाळा उभा टांगलेला आहे. त्याच्यापुढें कमरेच्या वर उघडा, पिळदार बांध्याचा एक पुरुष उभा आहे. तो हातांतील लांब दांड्याची मोगरी मागें नेतो, सर्व अंग वळवून थाळ्यावर टोल हाणतो, आणि नाद घुमत असतां मालकाचें नांव पडद्यावर उमटतें. एवढेंच. इंग्रजींत या थाळ्यास गाँग म्हणतात. आपल्या जुन्या वाड्यांच्या देवडीवर आणि शाळांच्या ओसरीवर टोल देण्यासाठीं जो तास टांगीत त्याचाच हा थोरला भाऊ. सारा प्रकार कांहीं सेकंदांत आटोपतो. तरीही ब्रिटनमध्यें दोन-तीन पिढ्यांच्या कानांत तो टोल असा बसला आहे कीं, त्या संस्थेनें काढलेल्या पन्नास चित्रांचीं नांवें विसरलेला मनुष्यही टोल विसरत नाहीं.

ही मुद्रा मुळांत रँकची नव्हे. 1935 सालीं सी. एम. वुल्फ यांनीं 'जनरल फिल्म डिस्ट्रिब्यूटर्स' नांवाची चित्रवितरणाची संस्था काढली, थाळा तिचा. जे. आर्थर रँक हे जोसेफ रँक या पिठाच्या गिरण्यांच्या धनाढ्य मालकाचे चिरंजीव. मेथॉडिस्ट पंथाचे श्रद्धाळू गृहस्थ, रविवारच्या शाळेंत मुलांस धर्मपाठ देणारे. धर्मप्रसाराचीं चित्रें निघावींत या हेतूनें ते या धंद्यांत उतरले, आणि पाहतां पाहतां वुल्फची संस्था, पाइनवूड व डेनहॅम येथील स्टुडिओ, ओडिअन आणि गोमाँट या चित्रगृहांच्या माळा, असा सारा पसारा त्यांच्या पंखाखालीं आला. 'रँक ऑर्गनायझेशन' ही संस्था 1937 सालची. आतां धर्मशील गिरणीवाला आणि लोकांस हांक मारणारा थाळा हीं दोन एकत्र पाहिलीं कीं चतुर टीकाकारास मोह पडतो: चर्चच्या घंटेचा आणि या टोलाचा संबंध जोडावा, आणि त्यावर दोन पानें सजवावींत. सनावळी पाहिली म्हणजे तो मोह आवरावा लागतो. थाळा रँक यांच्या हातीं आला तो संस्थेबरोबर आयता. त्यांचें श्रेय एवढेंच कीं त्यांनीं तो बदलला नाहीं. आणि नव्या धन्याच्या अंगीं हा संयम किती दुर्मिळ असतो हें पुढें दिसेलच.

या थाळ्यापुढें जे उभे राहिले ते नट नव्हते. सर्कशींतला पहिलवान कार्ल डेन. 1911 पासून 1919 पर्यंत हेवीवेट मुष्टियुद्धांत ब्रिटनचें अजिंक्यपद राखणारा 'बाँबार्डियर' बिली वेल्स. मग फिल नीमन. आणि सर्वांत अखेरचा केन रिचमंड. हा रिचमंड कुस्तीगीर. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें फ्रीस्टाइल कुस्तीच्या सर्वांत वरच्या वजनगटांत त्यानें कांस्यपदक मिळविलें. त्याच ऑलिंपिकमध्यें, त्याच फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटांत कांस्यपदक मिळविणारा मल्ल म्हणजे आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचा खाशाबा जाधव. एकाच आखाड्याच्या दोन टोकांचे हे दोघे मल्ल. पैकीं एकाचें कौतुक त्याच्या देशानें उशीरा आणि अपुरें केलें. दुसऱ्याचें अंग साऱ्या जगानें वर्षानुवर्षें पाहिलें, मात्र नांव फारच थोड्यांस ठाऊक झालें. कोणाचें नशीब बरें म्हणावें, तें आम्ही वाचकांवर सोडतों.

काशाचें पदक मिळविलेला मल्ल काशाच्या थाळ्यापुढें उभा राहिला, असें लिहिण्याचा योग येथें सुंदर जुळला असता. पण थाळा काशाचा नव्हताच. तो कागदाच्या लगद्याचा होता. रिचमंडनेंच पुढें हें सांगून टाकलें. त्यावर खरोखर अंगच्या बळानें टोल हाणला असता तर मोगरी आरपार गेली असती. म्हणजे ज्याच्या दंडांत रेड्याचें बळ त्यास येथें बळ न वापरण्यासाठींच आणलें होतें. सारी ताकद मोगरी मागें नेण्यांत दाखवावयाची आणि शेवटच्या क्षणीं ती गिळून टाकावयाची. कुस्तींत अंग आवरण्याची जी कला लागते तीच ही, असें एखादा वस्ताद म्हणेल. आम्हांस त्यांतला अधिकार नाहीं. परंतु पडद्यावरच्या त्या पाठीकडे पाहून तो टोल खोटा आहे अशी शंका कोणास येत नाहीं, एवढें खरें.

नाद दुसऱ्याचा. तो जेम्स ब्लेड्स (1901–1999) यांनीं एका चिनी टॅम-टॅमवर वाजविला. हे लंडनचे नामांकित तालवादक. तरुणपणीं यांनीं सर्कशीच्या बँडांत आणि मूकपटांच्या काळीं चित्रगृहांच्या वाद्यवृंदांत उमेदवारी केलेली, आणि उतारवयांत तालवाद्यांचा मोठा इतिहास लिहिलेला. दुसऱ्या महायुद्धांत बी. बी. सी. जर्मनव्याप्त युरोपास उद्देशून ढोलावरचे तीन ऱ्हस्व आणि एक दीर्घ असे चार ठोके ध्वनिक्षेपित करी. तारायंत्राच्या लिपींत तें विजयाचें आद्याक्षर होतें. ते ठोकेही ब्लेड्स यांच्याच हातचे. पारतंत्र्यांतल्या घरांत दारें लावून लोक ज्याचे ठोके ऐकत, त्याच हाताचा टोल शनिवारीं सायंकाळीं इंग्लंडांतील चित्रगृहांत गरजत होता, हें कळल्यावर त्या टोलाकडे पाहण्याची आमची दृष्टि थोडी बदलली, हें आम्ही लपवीत नाहीं.

टॅम-टॅमचा स्वभाव येथें थोडा सांगितला पाहिजे, कारण या मुद्रेचें मर्म त्यांत आहे. देवळाची घंटा वाजविली कीं आघाताच्या क्षणींच नाद सर्वांत मोठा असतो. मग तो उतरत जातो. टॅम-टॅमचें तसें नाहीं. आघात झाला तेव्हां प्रथम एक खोल, मऊ घुमारा उठतो. त्यानंतर क्षणार्धानें त्यांतून बारीक, झळाळते नाद फुटूं लागतात आणि आवाज फुलतो. जाड पत्र्याचे मंद कंप हळूहळू अधिक जलद कंपांत रूपांतर पावतात, त्याचा हा परिणाम. वाद्यास ठराविक स्वर नसतो. तें कोणत्याही रागाचें नव्हे. कसलेला वादक मोठ्या टोलापूर्वीं हलक्या स्पर्शानें थाळा आधीं जागा करून ठेवितो, म्हणजे फुलोरा लवकर येतो. या गुणामुळेंच मल्लाचा हात थांबल्यावर देखील कांहीं तरी घडत राहतें. कृति संपते, परिणाम वाढत जातो, आणि त्या वाढत्या परिणामांत प्रेक्षकाची बडबड बुडून जाते. मुद्रेचें सारें काम या एका अवकाशांत होतें. मालकाचें नांव त्यावर तरंगत येतें इतकेंच. तें नसतें तरी चालतें.

एकाचें अंग आणि दुसऱ्याचा नाद, ही जोडणी पार्श्वगायनास सरावलेल्या आपल्या प्रेक्षकांस नवलाची वाटणार नाहीं. कोणी यास लबाडी म्हणेल. आमच्या मतें हीच चित्रपटकलेची सचोटी आहे. चित्रपट म्हणजे एका ठिकाणचें रूप आणि दुसऱ्या ठिकाणचा ध्वनि यांचा मिलाफ, त्याचें पहिलें उदाहरण चित्र सुरू होण्यापूर्वींच प्रेक्षकापुढें ठेविलें जातें, आणि प्रेक्षक तें बिनतक्रार मानतो. तें एकदां मानलें म्हणजे पुढच्या दोन तासांचें मानण्यास मन तयार होतें. नांदीचें काम याहून निराळें तें काय?

त्या काळच्या इतर ब्रिटिश मुद्रांशीं तुलना केली म्हणजे हा विशेष अधिक स्पष्ट होतो. गेन्सबरो या संस्थेची मुद्रा म्हणजे एका चौकटींत बसलेली अठराव्या शतकांतल्या पोषाखाची सुंदरी. ती चित्रासारखी स्तब्ध असते. मग हळूच मान वळवून, स्मित करून, प्रेक्षकांस लवून अभिवादन करिते. मोठी गोड कल्पना. चित्र आणि चलच्चित्र यांतला भेद इतक्या थोड्यांत कोणी सांगितला नसेल. पण हें अभिवादन दिवाणखान्यांतलें आहे. पाठीमागच्या स्वस्त बाकांपर्यंत तें पोंचत नाहीं. अलेक्झांडर कोर्डा यांच्या 'लंडन फिल्म्स'नें बिग बेनचा मनोरा घेतला. तो ठोके देतो खरा, पण ते जणूं लंडनच्या पत्त्याचे. आम्ही येथले, एवढेंच तो सांगतो. पॉवेल-प्रेसबर्गर यांची मुद्रा लक्ष्यावर येऊन रुतणाऱ्या बाणाची. तींत विनोद आहे आणि कलावंताची मिजासही आहे. 'द रेड शूज'मध्यें आधीं थाळा आणि मग बाण असे दोन्ही पाठोपाठ येतात, तेव्हां वितरकाची हांक आणि कर्त्याची स्वाक्षरी यांतला फरक शिकविण्यास याहून चांगला धडा नाहीं. अमेरिकेच्या सिंहाविषयीं काय लिहावें? तो डरकाळी फोडतो ती स्वतःच्या पराक्रमाची. थाळेवाला स्वतःविषयीं कांहींच सांगत नाहीं. त्याच्या चेहऱ्याकडे आपलें लक्षही जात नाहीं. तो कोणाचा तरी चाकर आहे, आणि त्याचें काम तुम्हांआम्हांस बोलावण्याचें आहे.

मराठी वाचकास या ठिकाणीं 'प्रभात'ची तुतारी आठवल्यावांचून राहणार नाहीं. 1929 सालीं कोल्हापुरांत निघालेल्या त्या संस्थेची तुतारी फुंकणारी स्त्री ही थाळ्याच्या आधींची. एकानें दुसऱ्याचें पाहून घेतलें असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. दोघांनींही हांक मारण्याची कृति निवडली, आणि दोन्ही मुद्रा लोकांच्या मनांत टिकल्या, एवढेंच नोंदवितों.

थाळ्यावर आक्षेप घेण्यासारखें नाहीं असें मात्र नव्हे. हा उघडा, पिळदार चाकर कोणत्या दरबारचा? इंग्रज मल्ल, चिनी वाद्य, आणि पाठीमागें कोणत्या तरी कल्पित पूर्वेकडच्या राजवाड्याचा आभास. असल्या उसन्या वैभवाची इंग्रजी रंगभूमीस जुनी खोड आहे. पूर्वेकडच्या आम्हां लोकांस त्याचा राग येण्यापेक्षां हसूं अधिक येतें. दुसरा आक्षेप याहून सबळ आहे. ही एकच गर्जना सर्व चित्रांपुढें. लीन यांच्या चित्रांत टोल विरतो आणि पुस्तकाचीं पानें वाऱ्यानें फडफडूं लागतात, एक पोर दलदलीच्या कांठानें धांवत स्मशानाकडे जातें. तेथें त्या आधींच्या गर्जनेनें पुढची निर्जनता अधिक निर्जन वाटते. पण नॉर्मन विझडमच्या धडपडण्या-पडण्याच्या विनोदी चित्रांपुढेंही तोच टोल! सत्यनारायणाच्या पूजेस चौघडा लावावा तसा हा प्रकार. त्यांतून गंमत मात्र निघालीच. 1968 सालीं रँक संस्थेनेंच वितरित केलेल्या 'कॅरी ऑन अप द खायबर' या फार्सांत 1895 सालची वायव्य सरहद्द दाखविली आहे. चित्रण झालें वेल्सच्या डोंगरांत, हा आणखी एक विनोद. त्यांत राजवाड्यांतला थाळा वाजतो आणि एक पात्र त्यावर चिडून जो शब्द उच्चारतें त्यांत धन्याच्या नांवावर श्लेष साधलेला आहे. इंग्रजींत 'रँक' म्हणजे निव्वळ, निखालस, असाही अर्थ होतो. ज्या संस्थेस स्वतःच्या मुद्रेची थट्टा स्वतःच्या खर्चानें करवून घेतां येते, तिची मुद्रा शिक्क्याच्या पलीकडे गेली आहे असें समजावें.

पुढें धंद्याचें चक्र फिरलें. 1956 मध्यें अमेरिकन भागीदाराशीं मिळून काढलेल्या रँक-झेरॉक्स कंपनीनें नक्कल-यंत्रांवर जो पैसा मिळविला त्यापुढें चित्रपटांचा हिशेब फिका पडला. 1980 सालीं रँकनें चित्रनिर्मिति बंद केली. 1997 मध्यें चित्रांचा सारा संग्रह कार्लटन कंपनीस विकला गेला, आणि 2004 मध्यें कार्लटन व ग्रॅनडा एकत्र होऊन झालेल्या आय. टी. व्ही. कंपनीकडे तो आला. रँक हें नांव जुगारगृहांच्या आणि बिंगोच्या धंद्यांत राहिलें. श्रद्धाळू मेथॉडिस्ट संस्थापकास हें पाहवलें नसतें. पण तो विषय निराळा.

नेमक्या याच काळांत चित्रें घरांत शिरलीं. व्ही. एच. एस. कॅसेट ब्रिटनमध्यें 1978 सालीं आली. प्रथम कॅसेटी भाड्यानें आणण्याचा प्रघात होता. 1985 च्या सुमारास 'व्हिडिओ कलेक्शन' या कंपनीनें वूलवर्थच्या दुकानांतून सामान्य घरास परवडतील अशा किंमतीस त्या विकण्यास आरंभ केला, आणि मग एकच कॅसेट एकाच घरांत शंभर-शंभर वेळां लागूं लागली. आमच्या विषयाच्या दृष्टीनें ही मोठी क्रांति होय. चित्रगृहांत टोल पडतो तेव्हां प्रेक्षकानें तिकीट काढलेलें असतें, तो जागेवर बसलेला असतो, दिवे मालवलेले असतात. बोलावण्याचें काम अर्धें आधींच झालेलें असतें. घरांत दिवा जळतो आहे, चहाचें आधण ठेविलें आहे, कोणी खुर्ची ओढतो आहे, कोणी दाराशीं बोलतो आहे. हांकेची खरी गरज येथें. शिवाय कॅसेट लावल्याबरोबर चित्र थरथरे, आडवे पट्टे येत. बटण फिरवून तें स्थिर करावें लागे. हें सारें मुद्रा चालू असतां उरके. मैफलींत तंबोरे जुळविण्याचा जो वेळ, तो हा. त्या वेळास रूप देण्याची अपूर्व संधि व्हिडिओच्या कंपन्यांस मिळाली होती.

त्यांनीं तिचें काय केलें? दहांपैकीं आठांनीं आपल्या नांवाचीं अक्षरें संगणकाकडून फिरवून घेतलीं. अक्षरें दुरून येतात, वळतात, धातूसारखीं चमकतात, एक प्रकाशाची तिरीप त्यांवरून सरकते, आणि तीं थांबतात. कोणी कांहीं करीत नाहीं. अक्षरेंच अक्षरांस पाहून खूष होतात. तोंडाशीं आधींच एवढी दाटी असे: वयोमर्यादेचें प्रमाणपत्र, चोरटी नक्कल न करण्याची ताकीद, येणाऱ्या चित्रांच्या जाहिराती. भाड्याच्या कॅसेटींवर तर 1990 च्या सुमारास सायमन बेट्स हे आकाशवाणीचे निवेदक स्वतः येऊन, या चित्रांत शिव्या आहेत कीं आणखी कांहीं, हें गंभीर मुद्रेनें समजावून देत. (ज्या 1984 च्या कायद्याच्या जोरावर हा प्रमाणपत्रांचा डोलारा उभा होता तो युरोपियन कमिशनला रीतसर कळविलाच गेला नव्हता, सबब अंमलांत आणण्याजोगा नव्हता, असें 2009 मध्यें उघडकीस आलें आणि 2010 मध्यें तो घाईनें पुन्हा मंजूर करावा लागला. पंचवीस वर्षें ताकीद चालली ती केवळ आवाजाच्या वजनावर!) या दाटींत मालकीचा आणखी एक उच्चार, याहून या फिरत्या अक्षरांची किंमत नाहीं. त्यांवर प्रेम करणारे हौशी लोक आहेत, आणि लहानपणीं त्यांच्या कर्कश सुरांनीं दचकून उशींत तोंड खुपसणारेही होते. पण बालपणाच्या आठवणींनीं प्रिय झालेली वस्तु आणि चांगली वस्तु या दोहोंत टीकाकारानें भेद केलाच पाहिजे.

दोष संगणकाचा नव्हे. 2 नोव्हेंबर 1982 रोजीं सुरू झालेल्या 'चॅनल फोर' या वाहिनीची मुद्रा मार्टिन लँबी-नेअर्न आणि कॉलिन रॉबिन्सन यांनीं संगणकावरच करविली. रंगीबेरंगी ठोकळे निरनिराळ्या दिशांनीं उडत येतात आणि जुळून 4 हा आंकडा होतो. बरोबर डेव्हिड डंडस यांचे चार सूर. ही वाहिनी स्वतः कार्यक्रम न करतां बाहेरच्या अनेक निर्मात्यांकडून ते करवून घेणारी होती. अनेकांचें येऊन एक होणें, हें तिचें कार्य त्या ठोकळ्यांनीं करून दाखविलें. येथें अक्षर फिरत नाहीं, अक्षर घडतें. थाळ्याची आणि हिची जात एकच.

टेम्स टेलिव्हिजनची मुद्रा आमच्या मतें मधल्या पायरीवरची. 1969 पासूनच्या त्या चित्रांत सेंट पॉल, टॉवर ब्रिज, बिग बेन अशीं लंडनचीं सारीं ठळक स्थळें दाटीवाटीनें उभीं राहतात, पाण्यांत त्यांचें प्रतिबिंब पडतें, आणि जॉनी हॉक्सवर्थ यांचें छोटें तुतारीवजा संगीत वाजतें. असें लंडन कोठूनही दिसत नाहीं. चितारी जसा एकाच पटावर काशीचे सारे घाट मांडतो तसें हें. कृति फारशी नाहीं, पण दर्शन आहे. 1992 च्या 31 डिसेंबरास टेम्सचें प्रक्षेपण परवाना गेल्यामुळें बंद झालें. तिच्या मुलांच्या मालिकांच्या कॅसेटी मात्र घराघरांत होत्या, आणि वाहिनी मुकी झाल्यावरही त्या घरांतून तें लंडन पाण्यांतून वर येत राहिलें. मुद्रा धन्याच्या मागें उरली. ज्या कंपनीनें कॅसेटी स्वस्त केल्या तीही पुढें 2004 मध्यें बी. बी. सी. च्या व्हिडिओ शाखेशीं एक होऊन '2 एंटरटेन' झाली, आणि वूलवर्थचीं दुकानें 2009 च्या जानेवारींत बंद पडलीं. या धंद्यांत मालक फार भराभर बदलतात.

म्हणूनच जुन्या चित्राचा नवा मालक जेव्हां त्याच्या तोंडचा थाळा कापतो तेव्हां आम्ही तें सरळ हिशेबाचें काम मानीत नाहीं. जुन्या मराठी कागदांत शिक्का माथ्यावर आणि मोर्तब शेवटीं असे. तो कागद पुढें ज्याच्या दप्तरांत जाई त्यानें माथ्यावरचा शिक्का खरवडून आपला उठविला, असें कोणी केलें तर इतिहाससंशोधक त्यास काय म्हणतील? आणि येथें तर शिक्क्याहून अधिक कांहीं आहे. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा प्रेक्षक 1946 सालीं जें पाहण्यास बसला तें टोलापासून पाहण्यास बसला. लीन यांनाही आपल्या चित्रापुढें थाळा वाजणार हें ठाऊकच असणार. तो काढून तेथें चमकत्या अक्षरांची फिरकी बसविली म्हणजे पानें फडफडतात तीं निराळ्याच शांततेंत.

नव्या मालकानें आपलें नांव कोठें घालावें, असें कोणी विचारील. चकतीच्या डबीवर पुठ्ठा आहे, चकतीवर जागा आहे, यादीच्या पानावर जागा आहे; फारच हौस असेल तर सर्वांच्या आधीं, ताकिदींच्या रांगेंत त्यानें आपलीं अक्षरें खुशाल फिरवावींत, आणि मग क्षणभर पडदा काळा ठेवावा. त्यानंतर थाळा यावा, तो पुरता वाजूं द्यावा, आणि त्याचा नाद विरेपर्यंत आवाजाची पट्टी कातरूं नये.